चीक पुसणारा

माणूस नखाने पारखावा, असं मुकादम म्हणायचा. डोळ्याने बघितलेला माणूस फसवतो, कानाने ऐकलेला तर फसवतोच; नखाने जरा खरवडला की आतला रंग दिसतो. हे त्याने कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, कारण पुस्तक उलटं धरलंय की सुलटं हे त्याला आतल्या चित्रावरूनच कळायचं. हे त्याला चिकूने शिकवलं होतं. देवाने अक्कल वाटताना त्याच्या बाबतीत हात आखडला नाही, फक्त दिली ती सगळी चिकूची दिली. बाकीच्या दुनियेसाठी वेगळी अक्कल लागते हे त्याला कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्याने सांगणाऱ्यालाच खरवडून बघितलं असतं.

आम्ही दोघं डहाणूजवळ सरावलीच्या एका वाडीत कामाला होतो. वाडी म्हणजे चिकूची बाग. आमच्याकडे बागेला वाडीच म्हणतात. तो काढणीचा मुकादम, माझ्याकडे पाणी, कुंपण आणि छाटणी. तो झरीचा, मी त्याच्या पलीकडे डोंगराकडचा. मी शाळेत तिसरीपर्यंत गेलो, तो गेलाच नाही. एवढ्यावरून त्याने माझं नाव मास्तर ठेवलं. ते मानाने ठेवलं असेल असं कोणाला वाटत असेल, तर त्याने मुकादमाला मास्तर म्हणताना ऐकलेलं नाही.

चिकू तयार झाला का हे बघायचं तर साल नखाने हलकी खरवडतात. आत हिरवी रेघ दिसली तर फळ कच्चं, पिवळट दिसली तर तयार. आणि चीक बघायचा. कच्च्या फळाचा चीक दुधासारखा दाट, बोटाला लागला की सुटत नाही. तयार फळाचा पाण्यासारखा, नावापुरता. एवढं आमच्याकडे कोणीही जाणतं. मुकादमाने मात्र तेवढ्यावर अख्खं शास्त्र उभं केलं. लग्नाची मुलगी असो, गाभण म्हैस असो, निवडणुकीला उभा राहिलेला उमेदवार असो, कच्चा का तयार एवढंच तो बघायचा.

एकदा शेठचा नवा जावई मुंबईहून वाडी बघायला आला. पांढरे बूट, डोळ्यांवर काळा चष्मा. शेठने ओळख करून दिली की हा आमचा सगळ्यात जुना मुकादम. जावयाने हात पुढे केला. मुकादमाने तो हातात घेतला, मनगट उलटं केलं, नखाने एक रेघ ओढली, बराच वेळ निरखली आणि शेठला म्हणाला, "अजून हिरवा आहे. राहू द्या थोडे दिवस झाडावर."

शेठला हसावं की मुकादमाला हाकलावं ते कळेना. त्याने दोन्ही केलं. दुसऱ्या दिवशी परत बोलावलं, कारण काढणी तोंडावर आली होती आणि काढणीला जावई चालत नाही, मुकादम लागतो.

त्याचं दुसरं हत्यार म्हणजे खांद्यावरचं फडकं. ते मूळचं कुठल्या रंगाचं होतं हे त्याच्या बायकोलाही आठवत नव्हतं. त्याने तो चीक पुसायचा. आमच्याकडे चिकू बेडणीने काढतात, म्हणजे लांब बांबूच्या टोकाला जाळीची पिशवी असते तिने. फळ तुटलं की देठाजवळून चीक येतो. मुकादमाचं म्हणणं, तो लगेच पुसावा, पुन्हा आला तर पुन्हा पुसावा. जमू दिला तर डाग पडतो, धूळ बसते, बाजारात फळ गरीब दिसतं. माझं म्हणणं, चीक ही फळाची अक्कल आहे. तुटलेल्या जागी तो येतो, वाळतो आणि आपलं बूच आपणच बसवतो. ते बूच काढलंत की सडायला दार उघडं. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं आहे आणि आजही माझं हेच म्हणणं आहे. आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं ते वाचून कोणाचा गैरसमज व्हायचा.

या एका गोष्टीवर आम्ही आयुष्यभर भांडलो. व्यापाऱ्याशी तो गुजरातीत भांडायचा, शेठशी हिंदीत, आणि माझ्याशी तिन्ही भाषांत. मांडवात फळं निवडायला बसणाऱ्या बाया शहाण्या. तो बघत असला की पुसायच्या, मी बघत असलो की नाही पुसायच्या, आणि आम्ही दोघं एकदम आलो की चहाला उठायच्या.

एकदा छाटणी करताना कोयता माझ्या अंगठ्यावर बसला. मुकादम धावत आला, हे कबूल केलं पाहिजे. आला आणि त्याच फडक्याने पुसायला लागला. रक्त जरा धरतंय असं दिसलं की हा पुसून काढायचा. पुन्हा धरलं, पुन्हा पुसलं. मी म्हटलं, अरे, जमू दे की. तर म्हणे, जमलं की डाग पडतो. शेवटी बायांनी त्याला ओढून बाजूला नेला तेव्हा माझं रक्त थांबलं. अंगठ्यावर वण अजून आहे. डागही आहे, आणि तो जमू दिलं म्हणून पडलेला नाही.

मग करोना ओसरल्यानंतरच्या एका हंगामात त्याच्या छातीत दुखायला लागलं. हातात बेडणी होती, ती त्याने सोडली नाही. आधी म्हणाला, वाल खाल्लेत त्याचा वात आहे. मग काहीच म्हणेना. मुकादम काहीच म्हणत नाही म्हटल्यावर आम्ही घाबरलो. त्याला टेम्पोत चिकूच्या क्रेटबरोबर घातला आणि वापीला नेला. वाटेत शुद्धीवर होता, असं ड्रायव्हर सांगतो. खड्ड्यात गाडी आदळली की फळं दबतात म्हणून त्याला शिव्या देत होता. स्वतःच्या छातीबद्दल एक शब्द नाही.

तिथल्या डॉक्टरांनी हृदयाच्या बंद पडलेल्या नळीत तारेची बारीक जाळी बसवली. परत आला तो मिरवतच. येणाऱ्याजाणाऱ्याला सदऱ्याची बटणं काढून छाती दाखवायचा आणि सांगायचा, "आत बेडणी बसवलीय." लोक छातीकडे बघायचे. छातीवर काही नव्हतं, कारण जाळी हाताच्या नसेतून घातलेली. पण मुकादमाला हे सांगून त्याची मिरवणूक कोण मोडणार. सोबत गोळ्या दिल्या होत्या. एक दिवसही चुकवायची नाही, असं बजावलं होतं.

काही आठवडे त्याने गोळ्या घेतल्या. नंतर एका सकाळी त्याची बायको माझ्या दारात आली. वहिनी कधी कोणाच्या दारात जात नाहीत. ओटीवर बसल्या आणि म्हणाल्या, "भावजी, त्यांनी गोळ्या सोडल्यात. पाकीट मांडवाच्या वाशात खोचून ठेवलंय."

मी म्हटलं, वहिनी, तो माझं ऐकेल असं तुम्हाला कोणी सांगितलं?

"ऐकणार नाहीत ते. पण तुमच्याशी भांडतात तरी. माझ्याशी गप्प बसतात."

गेलो. मुकादम आरशासमोर उभा राहून गालावरची एवढीशी खोक निरखत होता. मला बघितल्याबरोबर सुरू झाला. म्हणाला, दाढी करताना लागलं आणि थांबेचना. पाण्यासारखं येत राहिलं.

"याचा अर्थ काय, मास्तर?"

"याचा अर्थ तुला वस्तरा धरता येत नाही."

"याचा अर्थ मी तयार झालो. काढणीला आलो."

मला वाटलं थट्टा करतोय. पण त्याने ती सगळी मांडणीच समोर ठेवली. कच्च्या फळाचा चीक दाट, तयार फळाचा पाण्यासारखा. त्याचं रक्त आजवर दाट होतं, लागलं की लगेच धरायचं. गोळ्या सुरू झाल्या आणि पाणी झालं. म्हणजे तो आपण होऊन पिकत नव्हता, त्याला पिकवत होते. पावडर टाकून पिकवलेल्या फळाचा त्याला जन्मभर राग. तसलं फळ दिसलं तर व्यापाऱ्याची टोपली लाथेने उडवायचा. आता त्याच्यावरच पावडरीचा प्रयोग चाललाय असं त्याच्या डोक्यात बसलं. वर आणखी एक पुरावा. पावसाळ्यात डेंग्यू आला की सगळा गाव प्लेटलेट वाढाव्यात म्हणून पपईचा पाला वाटून पितो. प्लेटलेट कमी झाल्या की माणूस जातो, हे पोरांनाही ठाऊक. आणि वापीच्या कंपाउंडरने त्याला काय सांगितलं? की या गोळ्या प्लेटलेटवर काम करतात.

"गावाच्या वाढवता आणि माझ्या मारता होय रे?" तो म्हणाला. "मला अजून झाडावर राहायचंय."

मी तडक तलासरीला सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

बाई वयाने माझ्या नातीएवढ्या, पण बोलणं सासूसारखं. त्यांनी विचारलं, पेशंटचे तुम्ही कोण? मी म्हटलं, विरोधक. त्यांनी चष्म्यावरून एकदा बघितलं आणि बसा म्हणाल्या. मग कागदावर नळीचं चित्र काढायला लागल्या. मी म्हटलं, बाई, चित्र नको, चित्र काढून मला कोणी काही शिकवू शकलेलं नाही. तोंडाने सांगा.

त्यांनी सांगितलं ते असं. रक्तात बारीक बारीक कण असतात, त्याच प्लेटलेट. एरवी गपचूप वाहत असतात. कुठे नळी फाटली की पहिले तेच धावतात. फाटलेल्या कडेला जाऊन बिलगतात, चिकट होतात आणि वाहणाऱ्या दुसऱ्या कणांना बोलावून घेतात. एकावर एक चढून भोकाला बूच बसवतात. मग रक्तातूनच धागे तयार होतात, त्या बुचावर त्यांचं जाळं विणलं जातं आणि ते पक्कं होतं. तीच पुढे वाळून खपली.

मी म्हटलं, म्हणजे चीक.

बाई म्हणाल्या, तसंच समजा.

माझी छाती फुगली. मी विचारलं, आणि ते बूच बसताना कोणी फडक्याने पुसत राहिलं तर? त्या म्हणाल्या, तर रक्त थांबेल कसं? पुसायचं नाही, स्वच्छ कापडाने दाबून धरायचं. मला वाटलं बाईंना तशाच उचलून सरावलीला न्यावं आणि मांडवात उभं करावं. पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं. शिकलेल्या माणसांचं हेच वाईट, आपल्याला हवं तिथे थांबत नाहीत.

त्या म्हणाल्या, या कणांना डोळे नसतात. मुकादमाच्या नळीत तारेची जाळी बसवली, ती त्यांना जखमच वाटते. ते तिच्यावर जाऊन चिकटणार, एकावर एक चढणार, आणि जिथे वाट मोकळी हवी तिथेच बूच मारणार. गोळी कणांना मारत नाही, कमीही करत नाही. त्यांचा चिकटपणा तेवढा काढते. म्हणून वस्तऱ्याने लागलेलं जरा उशिरा थांबतं. डेंग्यूचं प्रकरण वेगळं, तिथे कणच घटतात. जाळीवर शरीर आपलं अस्तर चढवेपर्यंत गोळी मनाने सोडायची नाही. सोडली तर जाळी कधीही तुंबेल.

"कधीही म्हणजे?"

"तुम्ही इथे बसला आहात तेवढ्यातसुद्धा," बाई म्हणाल्या.

मी उठलोच. हायवेची बस धरली, चारोटीला उतरलो, तिथून रिक्षाने वाडीवर. वाटभर मनात एकच घोळत होतं की माझं आयुष्यभराचं म्हणणं खरं ठरलं आणि ते आज सांगायची सोय नाही.

मुकादम मांडवात बसून फळं पुसत होता. भोवती बाया, त्यांच्यात वहिनी. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कण, बूच, जाळं, तार, गोळी. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तो शेवटपर्यंत ऐकतोय हे बघूनच मी सावध व्हायला हवं होतं.

"म्हणजे रक्तालाही चीक असतो," तो म्हणाला.

"असतो."

"आणि तो बूच बसवतो. ही गोळी त्याला बसवू देत नाही."

"नाही देत."

त्याने फडकं खांद्यावर टाकलं. "मास्तर, जन्मभर तू मला काय सांगत आलास? चीक जमू द्यावा. पुसू नये. आपलं बूच आपण बसवतो. काय गं बायांनो, असंच म्हणतो ना हा?"

बायांनी माना हलवल्या. एरवी त्यांना यातलं काही आठवत नसतं.

"तर मग आज तुझं ऐकतो. इतकी वर्षं नाही ऐकलं, माझी चूक. आता माझा चीक मी जमू देतो."

तो हसत होता. पण कपाळावर घाम होता, आणि मांडवात घाम येण्यासारखं ऊन नव्हतं. वहिनींच्या हातातला चिकू हातातच राहिला होता.

मी म्हटलं, फळाचं वेगळं, माणसाचं वेगळं. तो म्हणाला, चीक तो चीक. मी म्हटलं, बाहेरच्या जखमेवर जमला तर चांगला, आत जाळीवर जमला तर वाईट. म्हणजे दोघांचंही बरोबर.

"निम्मं तुझं आणि निम्मं माझं?" मुकादम म्हणाला. "निम्म्यावर मी गोळी घेत नाही."

आता सांगा. असल्या माणसाला मरू द्यावं, असं कोणाला वाटलं तर त्याचं चुकलं म्हणता येईल का? मलाही क्षणभर वाटलं. पण वहिनी माझ्याकडे बघत होत्या. नुसत्या बघत होत्या, हात जोडले असते तर मी कदाचित चिडून निघून गेलो असतो.

"चीक जमू देऊ नये," मी म्हटलं.

"ऐकू नाही आलं."

"चीक जमू देऊ नये. पुसावा."

"बरोबर कोण होतं?"

"तू."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून," मी म्हटलं. आयुष्यात माझ्या तोंडून याहून जड काही निघालेलं नाही, आणि मी भाताची पोती वाहिलेली आहेत.

मुकादमाने हात वर केला, वाशातलं पाकीट काढलं, गोळी जिभेवर ठेवली आणि वहिनींनी दिलेलं पाणी प्यायला. मग मिशी पुसून म्हणाला, "हे आधीच सांगायचं. उगाच इतक्या गोळ्या चुकल्या तुझ्यामुळे."

त्याच दुपारी त्याला पुन्हा टेम्पोत घातला आणि वापीला नेला. डॉक्टर त्याच्यावर ओरडले, माझ्यावर ओरडले, ड्रायव्हर मध्ये आला तर त्याच्यावरही ओरडले. जाळी अजून उघडी होती. दैव, असं ते म्हणाले. दैवाचा यात किती भाग होता आणि कोणाच्या नाकाचा किती, ते मला माहीत आहे.

त्यानंतर मुकादमाने एकही गोळी चुकवली नाही. रोज सकाळी मांडवात सगळ्यांसमोर घ्यायचा, आणि गोळी घशाखाली गेली की माझ्याकडे बघून म्हणायचा, "पुसला." माल भरायला येणाऱ्या ट्रकवाल्यांना, तलासरीच्या बाजारात भेटेल त्याला, शेठच्या त्या जावयालाही त्याने सांगितलं की मास्तर शेवटी हरला, डॉक्टरीणबाईने हरवला. मी ऐकून घ्यायचो. दोनदा म्हणावंसं वाटलं की बाई काय म्हणाली ते मला विचार. दोन्ही वेळा वहिनींनी नेमका चहा आणून ठेवला, आणि आधी माझ्यासमोर.

मला कोणी विचारतं, तुमची दोस्ती होती का? नव्हती. दोस्ताशी माणूस रोज भांडत नाही.

तो गेला गेल्या थंडीत, छातीत कफ भरून. हृदयाने दगा दिला नाही; ते शेवटपर्यंत चालू होतं, म्हणजे तो शेवटपर्यंत भांडत होता. मी भेटायला गेलो तर माझं मनगट धरलं, नखाने रेघ ओढली, बघितली. मी विचारलं, काय दिसतं? म्हणाला, "कच्चाच राहिलास, मास्तर." याचा अर्थ तू अजून राहशील असा होता की तुला काही कळलं नाही असा होता, ते विचारायला दुसऱ्या दिवशी गेलो तर अंगणात माणसं जमलेली.

आता काढणीचं बघते ती फळं निवडणाऱ्या बायांतलीच एक. हंगाम सुरू झाला तशी तिने मला मांडवात बोलावलं. समोर ताज्या चिकूंचा ढीग होता, देठांवर चीक चमकत होता. म्हणाली, "बाबा, मुकादम तर गेले. आता खरं काय ते सांगा. पुसायचं की राहू द्यायचं?"

बाकीच्या बायांनी हात थांबवले. मांडवाच्या खांबाला त्याचं फडकं अजून टांगलेलं होतं, चिकाने लाकडासारखं कडक झालेलं. त्याने जन्मभर जमू दिला नाही तो सगळा तिथे जमला होता.

"पुसा," मी म्हटलं.

निघताना एक चिकू न पुसता खिशात टाकला. घरी कोनाड्यात ठेवला. सकाळी देठाकडे बघितलं. बूच बसलं होतं. पक्कं. नखाने खरवडलं तरी निघेना. तो चिकू हातात घेऊन मी ओटीवर बसून राहिलो. माणूस इतका बरोबर असावा, आणि ज्याला सांगायचं तोच नसावा.